सरकारला शाळा चालते, मग भीती कशाची?

गेले काही महिने एक मजकूर हातोहात फिरतो आहे. थोडक्यात तो असा: ‘सरकार शिक्षणाला घाबरतं, लोकांना अडाणी ठेवू पाहतं, हा नुसता कांगावा आहे. शाळा काढल्या त्या सरकारांनीच. ज्याला लोक अडाणी हवेत तो शाळा कशाला काढेल? शिवाय आता सगळं ज्ञान मोबाइलवर आहे, ते अडवणार कोण? सरकारी शाळा बसल्या त्या शिक्षकांच्या कामचुकारपणामुळे, त्यात उगाच हेतू शोधू नका. शाळा पोसण्यापेक्षा पैसे पालकांच्या हातात द्या, स्पर्धेने आपोआप सुधारणा होईल. आणि फुकट मिळालेल्या शिक्षणाची कुणालाच किंमत नसते.’

माझ्या ओळखीच्या दोन निवृत्त शिक्षकांनी हा मजकूर पुढे पाठवला. ज्यांनी उभं आयुष्य सरकारी शाळेत शिकवण्यात घालवलं त्यांनाही तो पटावा, याचं मला फार वाईट वाटलं. पटण्याचं कारणही कळतं. त्यातल्या प्रत्येक वाक्यात थोडं खरं आहे. म्हणून एकेक वाक्य घेऊनच उत्तर देतो.

‘शाळा काढल्या त्या सरकारांनीच’

हो, काढल्या. लोकशाही येण्याच्या कितीतरी आधी काढल्या. जर्मनीतल्या तेव्हाच्या प्रशिया राज्याचा राजा दुसरा फ्रेडरिक याने १७६३ मध्ये, म्हणजे युरोपातलं सात वर्षांचं युद्ध संपलं त्याच वर्षी, खेड्यापाड्यांतल्या मुलांना शाळा सक्तीची केली. तिथे ना निवडणूक होती, ना मतदार. राजाला हुकूम पाळणारी आणि देवाधर्माला धरून राहणारी प्रजा हवी होती, आणि तशी प्रजा घडवायला शाळा सोयीची होती. याच राजाने १७७९ मध्ये आपल्या मंत्र्याला लिहिलं की खेड्यातल्या लोकांना थोडंफार लिहिता-वाचता आलं की पुरे. फार कळायला लागलं तर ते शहरांकडे पळतील आणि कारकून-बिरकून व्हायला बघतील.

शाळा सक्तीची करणारा आणि शिक्षणाला माप लावणारा माणूस इथे एकच आहे. ‘अडाणी ठेवायचं असतं तर शाळा कशाला काढली असती’ हा युक्तिवाद इथेच कोसळतो. ‘शाळा काढू की नको’ एवढाच प्रश्न राज्यकर्त्यापुढे क्वचित असतो. कुणाला शिकवायचं, किती शिकवायचं आणि कशासाठी, हे ठरवणं आपल्या हातात राहावं यासाठी तो धडपडतो. त्याला भीती वाटते ती हे माप हातातून सुटण्याची.

हे माप किती बारकाईने लावलं जातं ते पाहायचं तर अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याचा १८३० चा कायदा वाचावा. बॉस्टनमधल्या एका मुक्त कृष्णवर्णीयाने गुलामगिरीविरुद्ध छापलेलं पुस्तक तेव्हा दक्षिणेतल्या बंदरांपर्यंत पोचलं होतं आणि मळेवाले हादरले होते. कायद्याच्या सुरुवातीलाच कारण स्पष्ट दिलं आहे: गुलामांना लिहायला-वाचायला शिकवलं की त्यांच्या मनात असंतोष उपजतो आणि त्यातून बंड होतं. म्हणून शिकवणाऱ्याला शिक्षा. तो गोरा असेल तर १०० ते २०० डॉलर दंड किंवा कैद. मुक्त कृष्णवर्णीय असेल तर दंड, कैद किंवा २० ते ३९ फटके. पण या सगळ्यात एक लहानसा अपवाद करून ठेवला आहे. आकडे शिकवायला हरकत नाही.

त्या अपवादापाशी मी बराच वेळ थांबलो. मळ्यावर कापसाचे गठ्ठे मोजायचे असतात, पोती तोलायची असतात, दिवसाचा हिशेब संध्याकाळी द्यायचा असतो. आकडे येणारा गुलाम मालकाच्या कामाचा. अक्षर येणारा गुलाम मात्र स्वतःच्या कामाचा होतो: तो बाहेर जाण्याचा परवाना स्वतः लिहू शकतो, वर्तमानपत्र वाचू शकतो, आपल्याविषयी काय कायदे झालेत ते समजून घेऊ शकतो. शिक्षणातलं नेमकं काय धोक्याचं वाटतं, हे त्या राज्याने स्वतःच्या हाताने कागदावर आखून दाखवलं आहे.

‘ती गुलामगिरी होती, तिची उदाहरणं काय देता’ असं कुणी म्हणेल. तर मग ब्रिटनची संसद घ्या. १८०७ मध्ये गावोगावी शाळा काढण्याचं विधेयक आलं तेव्हा डेव्हिस गिडी या सभासदाने उभं राहून सांगितलं की गरिबांना शिकवलं तर त्यांना आपल्या वाट्याच्या जिण्याचा तिटकारा वाटू लागेल, ते शेतावर आणि घरकामात चांगले नोकर राहणार नाहीत आणि राजद्रोही पत्रकं वाचू लागतील. विधेयक वरच्या सभागृहात पडलं. हे गृहस्थ स्वतः अडाणी नव्हते. विज्ञानाची आवड असलेले होते आणि पुढे रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले. ज्ञानाची ताकद ते चांगलीच ओळखून होते, आणि मला वाटतं, ती गरिबांच्या हाती जाऊ नये असं त्यांना वाटण्याचं कारणही तेच असावं.

सर्वांत बोलकं उदाहरण दक्षिण आफ्रिकेचं आहे, कारण तिथे सरकारने खरोखरच शाळा वाढवल्या. १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने कृष्णवर्णीयांच्या, तोवर बहुतांशी मिशनऱ्यांनी चालवलेल्या शाळा सरकारच्या ताब्यात आल्या. पुढच्या वर्षांत पट कितीतरी वाढला. आपल्या मजकुराच्या हिशेबाने ही शिक्षणप्रेमी राजवट ठरते. पण कायद्याचे कर्तेधर्ते हेन्ड्रिक फर्वूर्ट यांनी विचारलं होतं की ज्या गणिताचा प्रत्यक्षात उपयोगच होणार नाही ते बांटू मुलाला शिकवून काय फायदा? ठरावीक मजुरीच्या वर त्याला गोऱ्यांच्या समाजात जागा नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं. सरकारी तिजोरीतून या शाळांना मिळणारी रक्कम गोठवली, आणि वाढीव खर्च कृष्णवर्णीयांवरच्याच करातून काढायचा असं ठरलं. शाळा वाढत गेल्या आणि प्रत्येक मुलामागचा पैसा आटत गेला. पुढे गणित आणि समाजशास्त्र गोऱ्या राज्यकर्त्यांच्या आफ्रिकान्स भाषेतून शिकण्याची सक्ती आली, जी भाषा ना मुलांची होती ना बहुतेक शिक्षकांची. १६ जून १९७६ ला जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो या कृष्णवर्णीय वस्तीतली मुलं रस्त्यावर आली आणि पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. ती मुलं त्याच सरकारने चालवलेल्या शाळांतली होती.

उलट बाजूही सांगायला हवी. साक्षरतेची मोठी कामं हुकूमशाही राजवटींनीही केली आहेत. सोव्हिएत सरकारने १९१९ मध्ये ८ ते ५० वर्षांच्या प्रत्येकाला लिहायला-वाचायला शिकवण्याचा हुकूम काढला; क्यूबाने १९६१ मध्ये शहरातली पोरं खेड्यांत पाठवून वर्षभरात साक्षरतेची मोहीम पार पाडली. ही कामं मी कमी लेखत नाही. ज्या म्हातारीला त्या मोहिमेत पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिता आलं, तिच्यासाठी ते नाव खरंच होतं. पण रोमानियात काय झालं तेही पाहा. तिथल्या साम्यवादी सरकारनेही सगळ्यांना शाळेत घातलं, आणि १९८३ मध्ये टंकलेखन यंत्र असलेल्या प्रत्येकाने ते पोलिसांत नोंदवावं असा हुकूम काढला. वाचणं चाललं, आपल्या मनाने लिहून चार जणांना देणं चाललं नाही.

आणखी एक गोष्ट या मजकुरात कुठेच नाही, ती म्हणजे राज्यकर्त्यांना वाटणारी शिक्षकाची भीती. सरकारच्या नोकरीत असलेला, शिकलेला, गावात ज्याचा शब्द ऐकला जातो असा माणूस गावोगाव नेऊन बसवणारी शाळेसारखी दुसरी व्यवस्था नाही. १८४८ मध्ये युरोपभर उठाव झाले तेव्हा राज्यकर्त्यांचा पहिला राग निघाला तो या माणसावर. फ्रान्समध्ये १८५० साली प्राथमिक शिक्षकांच्या नेमणुका आणि बडतर्फी जिल्ह्याच्या सरकारी अधिकाऱ्यांच्या हाती दिली आणि शाळांवर चर्चचा हात वाढवला. प्रशियाने १८५४ मध्ये अध्यापक विद्यालयांचा अभ्यासक्रमच छाटला. होणाऱ्या शिक्षकाने अभिजात जर्मन साहित्य खासगीतसुद्धा वाचू नये इथवर मजल गेली. यासाठी गावच्या शाळा बंद करण्याची गरज पडली नाही.

आणि आपल्याकडचा दाखला आपल्याला ठाऊकच आहे. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये सरकारने शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे मांडलं की सरकारी महसूल शेतकऱ्यांच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर. निदान १२ वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथली विद्यापीठं तोवर २५ वर्षांची झाली होती. म्हणजे विद्यापीठ काढायला सरकारची हरकत नव्हती. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं अगदी बेताचं विधेयक आणलं: आधी स्थानिक संस्थांनी ठरवावं, आधी मुलग्यांपुरतं, हळूहळू. १९१२ मध्ये ते मध्यवर्ती कायदेमंडळात ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळलं गेलं. पैसा नाही, वेळ आलेली नाही, लोकांची मागणी नाही, ही तेव्हाची कारणं. पण सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्येच बडोदा संस्थानभर सक्तीचं मोफत शिक्षण लागू केलं होतं. जे एका संस्थानाला जमलं ते साम्राज्याला परवडत नव्हतं, यावर मी तरी विश्वास ठेवू शकत नाही. विरोधात मतं देणाऱ्यांत सगळे इंग्रजच होते असंही नाही, हे नमूद करतो.

यातून भीतीचे दोन-तीन चेहरे दिसतात. एक सरळ आहे: वाचता येणारा माणूस कागद मागतो, तारीख बघतो, सही करण्याआधी थांबतो. दुसरा फ्रेडरिकच्या पत्रातला. शिकलेल्याला त्याच्या शिक्षणाजोगं काम आणि मान हवा असतो, आणि तो द्यायचा तर वरच्यांना सरकून बसावं लागतं. भारतात अधिकारपद भोगून इजिप्तचा कारभार पाहायला गेलेल्या ब्रिटिश अधिकारी लॉर्ड क्रोमर यांना हीच धास्ती होती. १८८३ ते १९०७ या त्यांच्या काळात तिथे शाळांची फी वाढली आणि विद्यापीठाची मागणी मागे पडत राहिली. ते गेल्यावर १९०८ मध्ये इजिप्शियन लोकांनी वर्गणी काढून ते उभं केलं. तिसरा चेहरा पैशाचा आहे आणि आजच्या सरकारांना मला तो सर्वांत लागू वाटतो. चांगली शाळा हा एकदा हक्क झाला की तो दरवर्षी, प्रत्येक मुलामागे, कायमचा द्यावा लागतो. पूल बांधून फीत कापता येते. शाळेचं फळ दिसायला १५ वर्षं लागतात, आणि तोवर फीत कापणारा पदावर नसतो.

‘आता सगळं ज्ञान मोबाइलवर आहे’

एवढंच विचारतो: मोबाइलने शाळेची जागा घेतली असती, तर अफगाणिस्तानात तालिबानने २०२१ मध्ये मुलींची माध्यमिक शाळा आणि डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठं का बंद केली असती? धडे इंटरनेटवर होतेच. तरीही त्यांना दार लावून घ्यायचं होतं ते वर्गाचं, जिथे मुली एकत्र बसतात, एकमेकींना विचारतात आणि समोर शिकवायला शिकलेली बाई उभी असते.

पडद्यावर मजकूर असणं आणि तो वाचता येणं यांतलं अंतरही साधं नाही. जागतिक बँकेने २०२२ मध्ये केलेल्या अंदाजानुसार कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली १० वर्षांची दहापैकी सात मुलं साधा उतारा वाचून समजून घेऊ शकत नाहीत. त्यांच्या हातात कितीही मोठा ग्रंथसंग्रह ठेवला तरी कुलूप लावून ठेवल्यासारखंच आहे.

इथे पुढे अमेरिकेतल्या गुलामगिरीविरोधी चळवळीचे नेते झालेले फ्रेडरिक डग्लस यांचं बालपण आठवतं. बाल्टिमोरला गुलाम म्हणून आलेल्या या मुलाला मालकीणबाईंनी कौतुकाने मुळाक्षरं शिकवायला घेतली. तीन-चार अक्षरी शब्द लागायला लागले तोच मालकाने थांबवलं: हा वाचायला शिकला तर पुन्हा गुलाम म्हणून कामाचा राहणार नाही. पोराने ते ऐकलं आणि काय मिळवायचं ते त्याला कळलं. घरात पाव भरपूर असे. कामासाठी बाहेर जाताना तो खिशात पाव घेऊन जाई आणि रस्त्यावरच्या भुकेल्या गोऱ्या पोरांना देऊन त्या बदल्यात धडा घेई. लिहायला तो जहाजाच्या गोदीत शिकला. सुतार फळ्या तासून झाल्या की जहाजाच्या डाव्या बाजूच्या फळीवर एक अक्षर आणि उजव्या बाजूच्या फळीवर दुसरं अक्षर खूण म्हणून लिहीत; पुढच्या आणि मागच्या भागासाठी आणखी दोन अक्षरं असत. त्या चार अक्षरांवरून त्याने हात बसवला.

‘बघा, शिकणारा कसाही शिकतो’ असं सांगण्यासाठी ही गोष्ट नेहमी वापरली जाते. स्वतः डग्लस यांनी मात्र ती तशी घेतली नाही. जरा मोठे झाल्यावर त्यांनी सोबतच्या गुलामांसाठी रविवारची शाळा सुरू केली. पहिली शाळा गावातल्या मंडळींनी काठ्या घेऊन येऊन उधळली. पुढे दुसरीकडे पुन्हा भरवली, तिथे ४० हून अधिक जण येत. एकट्याने वाट काढणं किती दुर्मीळ असतं, हे ती वाट चालून आलेल्या माणसाइतकं कुणाला कळणार?

‘शाळा बसल्या त्या शिक्षकांच्या कामचुकारपणामुळे’

न येणारे शिक्षक असतात. २००३ मध्ये भारतातल्या सरकारी प्राथमिक शाळांना अचानक भेटी देऊन एक मोठी पाहणी झाली. १०० पैकी २५ शिक्षक जागेवर नव्हते. हा आकडा झाकायचं मला कारण नाही. ज्या मुलाचा दिवस त्या रिकाम्या खुर्चीसमोर गेला त्याला आपली सबब चालणार नाही. पण त्याच पाहणीत असंही दिसलं की जिथे इमारत आणि सोयी बऱ्या होत्या, जिथे नुकतीच तपासणी झाली होती, जिथे पक्का रस्ता जवळ होता, तिथे गैरहजेरी कमी होती. रस्ता, इमारत, तपासणी यांतलं काहीच शिक्षकाच्या हातात नसतं.

आणि जो शिक्षक येतो त्याचा दिवस कसा जातो? एकशिक्षकी शाळेतली सकाळ डोळ्यांसमोर आणा. खोली एक, इयत्ता चार. पहिलीला अक्षर गिरवायला देऊन गुरुजी तिसरीकडे वळतात. फळ्यावर हातच्याची वजाबाकी मांडतात. दहा घेतले की शेजारचा अंक एकाने कमी होतो, हे अर्ध्या पोरांना कळत आलेलं असतं, तेवढ्यात पहिलीतल्या एकाची पेन्सिल मोडते आणि तो रडायला लागतो. चौथीला पाठ वाचायला सांगितलेला असतो, तो त्यांचा केव्हाच वाचून झालेला. दुसरी गप्प बसली आहे, म्हणून तिच्याकडे आज लक्षच गेलेलं नाही. मग फोन वाजतो: अमुक माहिती तातडीने भरून दुपारच्या आत पाठवा. वजाबाकी फळ्यावर अर्धी राहते. दुसऱ्या दिवशी याद्यांचं काम, त्यानंतर कसलंसं सर्वेक्षण. वर्षअखेरीला वजाबाकी न आलेल्या मुलांचा आकडा या गुरुजींच्या नावावर पडतो.

शाळा बंद करायला हुकूम काढावा लागतो, त्याची बातमी होते, लोक जमतात. ती आटवायला हुकूम लागत नाही. निवृत्त झालेल्याची जागा भरायची नाही. भरलीच तर वर्षाच्या करारावर, म्हणजे तो माणूस मान वर करून बोलणार नाही. ज्या पालकांना झेपतं ते मूल दुसरीकडे घालतात. १९७० च्या सुमारास अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने हे नेमकं टिपलं: दर्जा घसरला की सर्वांत आधी बाहेर पडतात ते दर्जाची सर्वांत जास्त फिकीर असणारे, म्हणजे जे थांबले असते तर भांडले असते तेच. ते गेल्यावर तक्रार करणारं कुणी राहत नाही. पट घसरतो. आणि मग एक दिवस पट कमी आहे, एवढ्या मुलांसाठी शाळा परवडत नाही, असं कारण देऊन ती शेजारच्या गावच्या शाळेत मिळवली जाते. कागदावर कुणीच शाळा मारलेली नसते.

यामागे हेतू असतो का? काही वेळा असतो, वर दाखवला तसा. पुष्कळदा नसतो, नुसती बेफिकिरी असते. पण ती बेफिकिरी टिकते कशी, याचा विचार करा. निर्णय घेणाऱ्याचं मूल त्या शाळेत नाही. तिथे ज्यांची मुलं आहेत त्यांच्या रागाने त्याचं काही बिघडत नाही. हा राग असाच निरुपद्रवी राहावा अशी सोय ज्याला मानवते, त्याच्याकडून शाळा सुधारण्याची घाई होणार नाही. मला हा कटापेक्षा अधिक गंभीर प्रकार वाटतो, कारण कट निदान उघडकीला आणता येतो.

‘पैसे पालकांच्या हातात द्या’

ही कल्पना सरसकट वाईट आहे असं मी म्हणत नाही. नेदरलँड्समध्ये १९१७ पासून खासगी आणि सरकारी शाळांना सारखा सरकारी पैसा मिळतो. पण तपासणी सगळ्यांना लागू आहे, आणि पालकांकडून मागितली जाणारी वर्गणी ऐच्छिक असते. तिथे सरकारने अंग काढून घेतलेलं नाही.

अंग काढून घेण्यासाठी हीच कल्पना वापरली तर काय होतं, ते अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, दिसलं. कृष्णवर्णीय मुलांसाठी तिथे मोटन हायस्कूल होतं. जागा पुरेना म्हणून लाकडी सांगाड्यांवर डांबरी कागद ठोकून वाढीव खोल्या केल्या होत्या. पावसात गळायचं. हिवाळ्यात शेगडीजवळची मुलं भाजून निघत आणि लांबची अंगात कोट घालून बसत. २३ एप्रिल १९५१ ला बार्बरा जॉन्स या १६ वर्षांच्या मुलीने सगळ्या शाळेला सभागृहात जमवून संप पुकारला. तो लढा न्यायालयात गेला, आणि १९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला त्यातल्या पाच दाव्यांपैकी एक झाला. एकत्र शाळा चालवण्याची वेळ आली तेव्हा काउंटीने १९५९ मध्ये आपल्या सगळ्या सरकारी शाळांना टाळं लावलं. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा उभी राहिली आणि त्यांच्या पालकांना फीसाठी सरकारी अनुदान मिळालं. ‘पैसे पालकांच्या हातात’ अगदी शब्दशः. कृष्णवर्णीय मुलांसाठी तशी शाळाच नव्हती. पाच वर्षं. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शाळा उघडल्या, तोवर जे मूल सहा वर्षांचं होतं ते अकराचं झालं होतं.

चिलीचा प्रयोग यापेक्षा पद्धतशीर होता. पिनोशेच्या लष्करी राजवटीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला शाळा नगरपालिकांकडे ढकलल्या, शिक्षकांचा सरकारी नोकर हा दर्जा काढला आणि मुलामागे अनुदान खासगी शाळांनाही सुरू केलं. तेव्हा पाचांपैकी जवळपास चार मुलं सरकारी शाळेत होती. तीसेक वर्षांत ती निम्म्याहून कमी उरली. पालकांनी शाळा निवडायची असं ठरलं होतं. प्रत्यक्षात शाळा मुलं निवडू लागल्या आणि ज्यांना वरची फी झेपत नव्हती ती मुलं नगरपालिकेच्या शाळांत साचली. ही रचना पक्की करणारा शिक्षण कायदा पिनोशे पायउतार होण्याच्या आदल्या दिवशी, १० मार्च १९९० ला प्रसिद्ध झाला. शाळा हा विषय त्याला इतका बिनमहत्त्वाचा वाटत असता तर शेवटचा दिवस त्याने त्यासाठी वापरला नसता. तो कायदा बदलायला २००६ मध्ये शाळकरी मुलांना लाखोंनी रस्त्यावर यावं लागलं, २०११ मध्ये विद्यार्थ्यांना पुन्हा, आणि अनुदानित शाळांतली नफेखोरी, मुलांची चाळण आणि पालकांची फी यांना आळा घालणारा कायदा व्हायला २०१५ उजाडलं.

‘फुकट मिळालेल्याची किंमत नसते’

हे वाक्य मला सर्वांत जास्त लागतं, कारण ते गरिबाविषयी आहे आणि ते गरिबाला न विचारता बोललं जातं. त्याची परीक्षा झालेली आहे. आफ्रिकेतल्या मलावीने १९९४ मध्ये प्राथमिक शाळेची फी काढली, तेव्हा पट सुमारे १९ लाखांवरून २९ लाखांच्या आसपास गेला. केनियाने २००३ मध्ये काढली. ५९ लाखांचे ७२ लाख झाले. ही सगळी मुलं आदल्या वर्षीही होती आणि त्यांच्या आईबापांना शाळेची किंमत ठाऊक होती. अडत होतं ते फीपाशी. त्यानंतर मलावीत एकेका वर्गात शंभर-शंभर मुलं कोंबली गेली, कारण फी काढण्याची घोषणा झाली आणि शिक्षक, खोल्या, पुस्तकं त्या प्रमाणात आली नाहीत. तो दोष फुकटपणाच्या माथी मारू नये.

केनियात फी निघाल्यानंतरच्या जानेवारीत, २००४ साली, एल्डोरेट शहरातल्या एका प्राथमिक शाळेत किमानी मारुगे नावाचे गृहस्थ पहिलीत नाव घालायला आले. स्वतःच्या सांगण्यानुसार ते ८४ वर्षांचे होते. ब्रिटिशांविरुद्धच्या माउ माउ लढ्यात ते होते, लहानपणी शाळेचं तोंड पाहायला मिळालं नव्हतं. शाळेने आधी आढेवेढे घेतले. मग ते गणवेशाची अर्धी चड्डी आणि लांब मोजे घालून सहा वर्षांच्या पोरांमध्ये बाकावर बसू लागले. या वयात शिकून काय करणार, असं लोक विचारत. पैसे मोजता यायला हवेत, असं ते सांगत. आणि दुसरं कारण बायबलचं. पाद्री दर रविवारी त्यातून वाचून दाखवतो. तो जे सांगतो ते खरंच तिथे लिहिलं आहे का, ते त्यांना स्वतः वाचून बघायचं होतं.